कार्ड मिळणं वेगळं, बोनस मिळणं वेगळं : एडिसनमधल्या एका जोडप्याचं प्रकरण

ऑक्टोबर 2023. न्यू जर्सीतल्या एडिसनला राहणारं एक मराठी जोडपं, दोघंही नोकरी करणारी, एक मुलगा. पुढच्या मे महिन्यात पुण्याला जाऊन मुलाची मुंज करायचं घरात ठरलं होतं. तिघांची विमानाची तिकिटं, त्याआधी गाडीच्या विम्याचा सहामाही हप्ता, नवऱ्याच्या दाताचं मोठं काम असा एरवी न येणारा खर्च चार-पाच महिन्यांत एकामागोमाग येणार होता. खर्च होणारच आहे, तर तो नव्या क्रेडिट कार्डावर टाकून वेलकम बोनस, म्हणजे नव्या कार्डावर ठरावीक खर्च केला की मिळणारे जादा पॉइंट, का घेऊ नये, असा त्यांचा विचार होता आणि तो रास्तच होता.

कार्डही त्यांनी हेरून ठेवलं होतं. चेस बँकेचं सफायर प्रिफर्ड. वार्षिक फी 95 डॉलर आणि पहिल्या तीन महिन्यांत 4,000 डॉलर खर्च केले की 60,000 पॉइंट. हे पॉइंट रोखीत घेतले तर 600 डॉलर होतात. चेसच्या पोर्टलवरून प्रवासासाठी वापरले तर तेव्हाच्या दराने 750. एअर कॅनडाच्या एरोप्लान या पॉइंट-योजनेतल्या खात्यात वळवून त्यावर एअर इंडियाचं तिकीट काढता येतं, कारण दोन्ही कंपन्या स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहेत. दोघांनी एकेक कार्ड घेतलं तर बोनस दुप्पट.

इथल्या मराठी मंडळातल्या नव्या कुटुंबांना क्रेडिट, कर अशा बाबतींत मी बरीच वर्षं मदत करत आले आहे, म्हणून दोघं माझ्याकडे आली. प्रश्न सरळ होता : "ताई, आम्ही एलिजिबल आहोत का?" या एका प्रश्नात दोन प्रश्न असतात आणि बहुतेकांची गफलत तिथेच होते. बँक आपल्याला कार्ड देईल का, हा पहिला. कार्ड दिलं तरी बोनस देईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आपल्या क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जांच्या आणि कार्डांच्या नोंदीवर, आणि उत्पन्नावर ठरतं. दुसऱ्याचं उत्तर त्या बँकेशी आपला पूर्वी काय व्यवहार झाला त्यावर ठरतं आणि ते ऑफरच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. क्रेडिट स्कोअर 800 च्या वर असलेल्या माणसालाही दुसऱ्या प्रश्नावर नकार मिळू शकतो. या जोडप्याची गंमत अशी की दोघांचे स्कोअर उत्तम होते, तरी ती पहिल्या प्रश्नावर अडकत होती आणि तो दुसऱ्यावर.

आधी तिची बाजू. चेसच्या बाबतीत इथे सगळे ज्याला "फाइव्ह ट्वेंटी-फोर" म्हणतात तो नियम 2015 च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आला. गेल्या 24 महिन्यांत, कुठल्याही बँकेची असोत, पाच किंवा जास्त कार्डं तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर नव्याने आली असतील तर चेस सहसा नवं कार्ड देत नाही. अर्जाच्या पानावर हे कुठे लिहिलेलं नसतं. नाकारलेल्या अर्जांची जी पत्रं लोकांना आली, त्यांत दोन वर्षांत तुमच्या नावाशी निगडित फार कार्डं उघडली गेली अशा अर्थाचं कारण होतं. ती पत्रं ताडून पाहत लोकांनी आकडा काढला. नकाराचं कारण अर्जदाराला कळवणं अमेरिकेत बँकेवर कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून तर हा नियम बाहेर आला.

ती म्हणाली, "माझी तीनच कार्डं आहेत." मी म्हटलं, आठवणीवर जायचं नाही, रिपोर्ट काढ. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही संस्थांचे रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत संकेतस्थळावर दर आठवड्याला फुकट मिळतात. करोनाकाळात सुरू झालेली ही सोय 2023 मध्ये कायमची झाली. तिने तिथल्या तिथे एक्सपेरियनचा रिपोर्ट उतरवून घेतला आणि आम्ही एकेका खात्याची "डेट ओपन्ड" ही ओळ वाचत गेलो.

नोव्हेंबर 2021, एका दुकानाच्या नावाचं पण व्हिसाचं कार्ड. काउंटरवरच्या मुलीने वीस टक्के सूट देऊ केली म्हणून तिथेच उभ्या उभ्या काढलेलं. जानेवारी 2022, अमेरिकन एक्सप्रेस गोल्ड. जून 2022, कॅशबॅकचं एक कार्ड. ऑगस्ट 2022, एका विमान कंपनीचं. फेब्रुवारी 2023, आणखी एक. एकूण पाच. ती चक्रावली. "गोल्ड तर याचं आहे. आणि हे फेब्रुवारीचंही याचंच!" दोन्ही खात्यांपुढे "रिस्पॉन्सिबिलिटी" या रकान्यात लिहिलं होतं : ऑथोराइज्ड यूजर. म्हणजे खातं नवऱ्याचं, बिल फेडायची जबाबदारी नवऱ्याची, तिच्या नावाचं एक जादा कार्ड फक्त बँकेने दिलेलं. गोल्ड ती एडिसनमधल्याच ओक ट्री रोडवर किराणा भरायला वापरत होती. फेब्रुवारीचं कार्ड तिने पाकिटातून बाहेरही काढलं नव्हतं. ते घेताना नवऱ्याने अर्जात "जोडीदाराचं कार्ड हवं का" या चौकटीवर सहज खूण केली होती, एवढंच. चेसची संगणक-यंत्रणा मोजताना असला फरक करत नाही. रिपोर्टवर आहे ना, मग एक.

यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आपल्या घरांमध्ये हे फार होतं. नवरा नोकरीच्या एच-वन व्हिसावर येतो, बायको जोडीदाराच्या एच-फोरवर. कामाची परवानगी मिळेपर्यंत तिला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नसतो, स्वतःचं उत्पन्न नसतं, म्हणून तिला नवऱ्याच्या खात्यावर जोडलं जातं. पुढे तिला नोकरी लागते तरी ही सवय सुटत नाही. नवं कार्ड आलं की त्यावर बायकोचं नाव घालायचं, हे प्रेमाने आणि सोयीसाठी केलं जातं, तिच्या रिपोर्टवर त्याची नोंद होते याची दोघांनाही कल्पना नसते. खरं तर ही नोंद बायकांच्या भल्यासाठी सुरू झाली. 1974 चा इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी कायदा आला तो स्त्री आहे किंवा विवाहित आहे म्हणून पत नाकारायला बंदी घालण्यासाठी. नवऱ्याच्या खात्यावर बायकोला व्यवहार करायची मुभा असेल तर त्या खात्याची माहिती दोघांच्या नावे पुढे गेली पाहिजे, अशी तरतूद त्याच्या नियमांमध्ये आहे. उद्देश हा की संसार करताना बाईचाही पतइतिहास तयार व्हावा. तो होतोही, हिचा स्कोअर चांगला होता त्यात त्या गोल्डचा वाटा होताच. पण तीच नोंद फाइव्ह ट्वेंटी-फोरमध्ये तिच्या वाट्याच्या पाचांतल्या दोन जागा खाऊन बसली होती. आणि आणखी एक, जे मी प्रत्येकीला सांगते : तुम्ही 21 वर्षांच्या पुढच्या असाल तर स्वतःच्या नावाच्या कार्डाच्या अर्जात घरातलं तुम्हाला रीतसर वापरता येणारं उत्पन्नही धरता येतं. 2013 मध्ये कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या सरकारी संस्थेने नियम बदलून ही मुभा दिली. नोकरी नाही म्हणून केवळ जोडलेल्या कार्डावर राहायला हवं असं मुळीच नाही.

तर तिच्यापुढे तीन वाटा होत्या. अर्ज करायचा, नकार आला की बँकेच्या फेरविचाराच्या फोनवर सांगायचं की यातली दोन खाती माझी नाहीत, ती वगळून तीनच उरतात. हे पुष्कळदा चालतं. पण ते फोनवरच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, आणि काहीही झालं तरी अर्जाची चौकशी, म्हणजे हार्ड इन्क्वायरी, रिपोर्टवर दोन वर्षं राहते. दुसरी वाट जोडलेल्या कार्डांवरून नाव काढून घ्यायची आणि ती खाती रिपोर्टवरूनही काढायला लावायची. त्यात आठवडे जातात आणि कधी कधी तिन्ही संस्थांकडे वेगवेगळी तक्रार नोंदवावी लागते. तिसरी वाट थांबण्याची. दुकानाचं कार्ड 13 नोव्हेंबर 2021 चं होतं. त्याला 24 महिने पूर्ण झाले की ते मोजणीतून गळणार. जाणकार लोक नेमकी तारीख धरत नाहीत, पुढच्या महिन्याची पहिली तारीख धरतात. म्हणजे 1 डिसेंबर 2023 ला तिची मोजणी पाचावरून चारावर येणार होती.

मी थांबायला सांगितलं. दीड महिन्याचा प्रश्न होता, तिकिटं जानेवारीत काढायची होती.

आता नवरा. त्याची मोजणी कमी होती, दोन वर्षांत गोल्ड आणि फेब्रुवारीचं अशी दोनच कार्डं. "मग मी तर आजच अर्ज करतो," म्हणाला. पण त्याच्याकडे सफायर प्रिफर्ड पूर्वी होतं. सप्टेंबर 2019 मध्ये घेतलेलं. 2021 मध्ये फी नको म्हणून त्याने ते चेसच्याच बिनफीच्या फ्रीडम अनलिमिटेडमध्ये बदलून घेतलं होतं. त्या काळी सफायरच्या अटी दोन होत्या. अर्ज करताना तुमच्याकडे कुठलंच सफायर कार्ड नसावं, आणि गेल्या 48 महिन्यांत तुम्हाला सफायरचा बोनस मिळालेला नसावा. कार्ड बदलून घेतल्यामुळे पहिली अट तो पुरी करत होता. दुसरीबद्दल त्याचं म्हणणं, "चार वर्षं होऊन गेली की ताई, सप्टेंबरमध्येच."

अटीतला शब्द बघा. कार्ड घेतल्यापासून 48 महिने असं तिथे नव्हतं, बोनस मिळाल्यापासून असं होतं. त्याने जुनी स्टेटमेंटं उघडली. कार्ड सप्टेंबरचं, पण त्या वेळी त्यांचा खर्च बेताचा होता आणि 4,000 डॉलरची अट पुरी व्हायला जवळजवळ तीन महिने लागले होते. बोनसचे 60,000 पॉइंट दिसत होते ते 18 डिसेंबर 2019 ला बंद झालेल्या स्टेटमेंटवर. म्हणजे 48 महिने सप्टेंबर 2023 मध्ये नाही, 18 डिसेंबर 2023 ला भरणार. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला असता तर एक तर तो नाकारला गेला असता, नाही तर कार्ड मंजूर होऊन बोनस मिळाला नसता. दुसरं जास्त वाईट. फी जाते, रिपोर्टवर चौकशी लागते, मोजणीत एकाची भर पडते, आणि हाती काहीच येत नाही.

जुन्या बोनसची तारीख सापडत नसेल तर बँकेला सुरक्षित संदेश पाठवून विचारता येतं, पॉइंट नेमके कधी जमा झाले ते. सात वर्षांपर्यंतची स्टेटमेंटं बहुतेक बँकांच्या खात्यात दिसतातच, पण बंद केलेल्या खात्याची स्टेटमेंटं कधी कधी दिसेनाशी होतात. म्हणून कार्ड बंद करण्याआधी बोनसचं स्टेटमेंट उतरवून ठेवावं.

याच सुमारास तिच्या नावाने टपालातून अमेरिकन एक्सप्रेस गोल्डची ऑफर आली. तिच्या स्वतःच्या नावाच्या कार्डाची. इथे गोष्ट पुन्हा वेगळी. अमेरिकन एक्सप्रेसचा बोनस साधारणपणे एका कार्डाला आयुष्यात एकदाच मिळतो. हे कलम 2014 पासून त्यांच्या अटींमध्ये आहे आणि लिहिलेलं आहे, चेससारखं अंदाजाने ओळखावं लागत नाही. ती नवऱ्याच्या गोल्डवर जोडलेली होती, पण जोडलेल्या कार्डामुळे स्वतःच्या पहिल्या कार्डाचा बोनस सहसा हुकत नाही, म्हणून त्या बाजूने अडचण नव्हती. 2023 च्या उत्तरार्धात मात्र त्यांनी अटी आणखी आवळल्या : त्यांचं वरच्या दर्जाचं प्लॅटिनम कार्ड आधी घेतलेलं असेल तर नंतर गोल्डचा बोनस न मिळण्याची शक्यता. उलट क्रमाने, गोल्ड आधी आणि प्लॅटिनम नंतर, चालतं. म्हणजे लहान कार्डापासून मोठ्याकडे जायचं. अमेरिकन एक्सप्रेसची एक गोष्ट मला मनापासून आवडते. अर्ज पाठवताना तुम्ही बोनसला पात्र नसाल तर एक खिडकी उघडते आणि तसं स्पष्ट सांगते, पुढे जायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि तोवर क्रेडिटची चौकशी झालेली नसते. सगळ्या बँकांनी हे करायला हवं.

तिला वाटलं, गोल्ड आत्ता घेऊ आणि डिसेंबरमध्ये सफायर. कागदावर बँका वेगळ्या, नियम वेगळे. पण ऑक्टोबरमध्ये गोल्ड तिच्या नावावर आलं की डिसेंबरमध्ये चारावर येणारी मोजणी पुन्हा पाचावर, आणि जानेवारी 2022 चं जोडलेलं कार्ड मोजणीतून गळेपर्यंत सफायर थेट फेब्रुवारीवर गेलं असतं. तिकिटं तर जानेवारीत. म्हणून चेस आधी, बाकीचे नंतर. अमेरिकन एक्सप्रेस तुमच्याकडे दुसऱ्या बँकांची किती कार्डं आहेत याची अशी मोजणी करत नाही, ते कार्ड पुढच्या वर्षीही मिळणार होतं. जो नियम इतर बँकांची कार्डंही मोजतो, त्याला पहिला मान द्यायचा.

नवऱ्याला सिटी बँकेचं प्रीमिअर कार्डही खुणावत होतं. तिथेही तेव्हा 48 महिनेच होते, पण मोजणी त्याच कार्डाच्या बोनसपासून, आणि आधी बोनस मिळालेलं दुसरं एखादं सिटी कार्ड त्या काळात प्रीमिअरमध्ये बदलून घेतलं असेल तर त्यानेही पात्रता जात असे. तो विषय आम्ही बाजूला ठेवला. दोघांच्या सफायरच्या अटी भरतील एवढाच त्यांचा खरा खर्च होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने अर्ज केला, मंजुरी लगेच आली. नवऱ्याला मी 18 डिसेंबरच्या दुसऱ्या दिवशी धावायचं नाही असं बजावलं. बोनस जमा झाल्याची तारीख बँकेच्या हिशेबात एक-दोन दिवस इकडेतिकडे असू शकते आणि त्यासाठी सगळं पणाला लावण्यात अर्थ नाही. त्याने जानेवारीत अर्ज केला, तोही तिने पाठवलेल्या रेफरलच्या, म्हणजे शिफारशीच्या, दुव्यावरून, म्हणजे तिला रेफरलचे पॉइंट निराळे. एक गोष्ट दोघांना पुन्हा पुन्हा सांगितली : यावेळी एकमेकांच्या कार्डावर नाव घालायचं नाही. त्या चौकटीवर खूण करायची नाही. पॉइंट एकत्र करायला त्याची गरजही नव्हती, चेस एकाच घरातल्या दोघांना आपापसांत पॉइंट वळवू देते.

खर्चाची अट हा पात्रतेचाच पुढचा भाग आहे. तीन महिने मोजले जातात ते खातं उघडल्याच्या दिवसापासून, कार्ड हातात पडल्यापासून नव्हे. तिचं कार्ड टपालाने यायला आठवड्याहून जास्त वेळ लागला, ते दिवस तिच्या तीन महिन्यांतूनच गेले. तिने विम्याचा हप्ता आणि घरखर्च टाकला, तिकिटं टाकली. एका तिकिटाची तारीख बदलताना जुनं रद्द करून नवं काढावं लागलं, आणि परत आलेले पैसे खर्चाच्या बेरजेतून वजा झाले. याचा अंदाज आधीच होता म्हणून तिने 4,000 वर काही शे डॉलरची जास्तीची जागा ठेवली होती. नाही तर शेवटच्या आठवड्यात अट अपुरी राहिली असती.

नवऱ्याने मात्र एक अफलातून विचार मांडला. पुण्यातल्या मंगल कार्यालयाची आणि गुरुजी-आचाऱ्यांची आगाऊ रक्कम सासऱ्यांच्या खात्यात पाठवायचीच आहे, तर ती पैसे पाठवणाऱ्या ॲपमधून क्रेडिट कार्डाने पाठवू, बोनसचा खर्चही भरेल! असे व्यवहार पुष्कळदा रोख उचल म्हणून नोंदवले जातात. वेगळी फी लागते, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू होतं आणि बोनसच्या बेरजेत ते धरले जात नाहीत. व्याज, वार्षिक फी, बॅलन्स ट्रान्सफर (दुसऱ्या कार्डाची थकबाकी या कार्डावर वळवणं) हेही धरले जात नाहीत. पैसे त्याने बँक खात्यातूनच पाठवले, दाताचं बिल कार्डावर टाकलं.

आणि दर महिन्याला पूर्ण बिल भरायचं, यावर मी कुणाशीच तडजोड करत नाही. त्या वर्षी अमेरिकेत कार्डांचे व्याजदर सरासरी 20 टक्क्यांच्या वर होते. चार हजारांची थकबाकी वर्षभर राहिली तर 600 डॉलरचा बोनस आणि वर आणखी दोनशे व्याजातच गेले असते. या दोघांकडे पैसे होते, खर्च ठरलेला होता, म्हणूनच मी त्यांना हो म्हटलं. बोनससाठी खर्च शोधत फिरणाऱ्यांना मी नाही म्हणते.

तिचे पॉइंट मार्चच्या स्टेटमेंटवर आले, त्याचे एप्रिलमध्ये. सगळे तिच्या खात्यात एकत्र करून त्यांनी ते तिच्या आईवडिलांच्या अमेरिकेच्या तिकिटांसाठी राखले. फेब्रुवारीच्या कार्डावरून तिने आपलं नाव काढून घेतलं. नवऱ्याच्या गोल्डवरचं ठेवलं, कारण ते ती खरोखर वापरते.

हेच जोडपं आज तोच प्रश्न घेऊन आलं असतं तर मी त्याला वेगळं उत्तर दिलं असतं. जून 2025 मध्ये चेसने सफायरचा 48 महिन्यांचा नियम मोडीत काढला. आता अटींमध्ये असं आहे की हे कार्ड तुमच्याकडे असेल किंवा पूर्वी होतं, तर बोनस नाकारला जाऊ शकतो, आणि तुम्ही किती कार्डं उघडली-बंद केली हेही पाहिलं जाईल. नवऱ्याच्या बाबतीत 18 डिसेंबर या तारखेला आज काही अर्थ उरला नसता. म्हणून कुणीही जुनी तारीख धरून अर्ज करू नये, त्या दिवशीच्या ऑफरच्या तळाशी असलेल्या अटी वाचाव्यात.

तिने गोल्ड स्वतःच्या नावावर घेतलं ते मे 2024 मध्ये, पुण्याला निघण्याआधी. फी अजून 250 डॉलर होती, जुलैमध्ये ती 325 झाली. अर्ज पाठवताना ती खिडकी उघडली नाही.